शेऱ्याचा रकाना

गुणवंत टाइमकीपरच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली एक कागद. कागदावर बारा इंग्रजी शब्द टाइप केलेले होते. घाईतल्या माणसाने वाचले असते तर बाराही शब्दांचा त्याने एकच अर्थ काढला असता, तो म्हणजे काम चाललेलं नाही. पण गुणवंत घाईत कधीच नसे. माणूस हजर आहे, मशीन धड आहे, फक्त माल आलेला नाही, तर तो माणूस आयडल. माल आहे आणि मशीन मोडलंय, तर ब्रेकडाउन. वीज गेली तर स्टॉपेज. फोरमनच्या हुकुमाची वाट बघत सगळेच बसलेत, तर वेटिंग. बदलीसाठी एखाद्याला बाकावर बसवून ठेवलंय, तर स्टँडबाय. असे बारा. मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या अलीकडे असलेल्या त्या नटबोल्टच्या कंपनीत बावीस वर्षं गुणवंत हे शब्द वाटत आला होता, आणि एकाचा शब्द दुसऱ्याला गेला असं एकदाही झालं नव्हतं.

इंग्रजी घेऊन तो बी. ए. झाला होता, सेकंड क्लासमध्ये. त्या इंग्रजीला कंपनीत एवढीच जागा मिळाली. हजेरीच्या रजिस्टरात शेवटचा एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. बाकीच्या कंपन्यांत तो कोरा राहतो किंवा त्यात कुणीतरी पेनची शाई चालते का ते बघतं. गुणवंत तो भरत असे, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात.

घरीही त्याचं तेच. शहाऐंशी साली गिरगावातली खोली सोडून तो भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांच्या जागेत आला, तेव्हा बिल्डरने नळ दिले होते, पाणी द्यायचं राहिलं होतं. बायको, सुचेता, विचारायची, "नुसते बसलाय काय?"

"बसलो नाहीये. वेट करतोय. टँकर आला की उठेन."

"मग भांडीही वेट करतायत. तोवर त्यांना सोबत करा."

त्र्याण्णवच्या नोव्हेंबरात कंपनीने ले-ऑफची नोटीस लावली. हा शब्द काचेखाली नव्हता. गुणवंतने तो तेरावा म्हणून पेनाने लिहिला. टाइपरायटर त्याच आठवड्यात वरच्या कपाटात बंद झाला होता.

ले-ऑफची एक रीत असते. कामगाराला काम नाही असं सांगितलेलं असतं, पण ते रोज नव्याने ऐकायला त्याने कामाच्या वेळेला गेटवर यावं लागतं. आठ वाजता यायचं, मी कामाला तयार आहे अशी सही करायची, काम नाही हे ऐकायचं आणि घरी जायचं. त्यावर अर्धा पगार चालू राहतो आणि नोकरीही चालू आहे असं धरतात. ज्या दिवशी माणूस आला नाही, त्या दिवसाचं रिकामपण त्याच्या नावावर लागत नाही. एकशे चाळीस माणसं होती. कामाच्या दिवसांत त्यांतली तीसेक तरी रोज उशिरा यायची. आता सगळे पावणेआठला रांगेत. या सगळ्यांची हजेरी घ्यायला कुणीतरी कामावर असायला हवं, म्हणून गुणवंत तेवढा कामावर राहिला.

गुणवंतचा नियम होता, आधी चेहरा, मग पेन. एकाची सही दुसऱ्याने मारायची हा सगळ्या गेटांवरचा जुना शिष्टाचार. टाइमकीपरने तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं असतं. गुणवंतच्या केबिनमध्ये कॅलेंडर नव्हतं.

रांगेत सहसा सातवा-आठवा कोंडिराम असे. बोल्टला डोकं पाडणाऱ्या हेडर मशीनवर बावीस वर्षं काढलेला, जालन्याकडचा, गोडदेवला चाळीत राहणारा. दोघं एकाच महिन्यात लागले होते. गुणवंत त्याला अरे-तुरे करायचा, तो गुणवंतला साहेब म्हणायचा, आणि यात काही अवघड आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

"जय भीम, साहेब. आज माझं काय?"

"नमस्कार. ले-ऑफ."

"काल काय होतं?"

"ले-ऑफच."

"म्हणजे प्रगती न्हाई," म्हणत कोंडिराम सही करायचा. सही मोठी, पूर्ण नावाची, दोन रकाने खाणारी.

जानेवारीत एका सोमवारी रांग संपली आणि कोंडिरामची जागा कोरी राहिली. रांगेबाहेर त्याची बायको, तुळसाबाई, उभी होती.

"साहेब, त्यान्ला कावीळ झालीय. डोळे पार हळदीवानी. दवाखान्यातल्या डाक्टरनं उठायचं न्हाई म्हणून सांगितलंय. तेवढी सही तुमी करून टाका ना."

"मी कशी करणार, बाई?"

"मग म्या करते. अंगठा न्हाई, सहीच करते."

युनियनचा सेक्रेटरी शिवा तिथेच होता. तो जवळ सरकला. "गुणवंतराव, मी मारतो ना. दोन सेकंदांचं काम. तुम्ही फक्त चष्मा पुसा."

"चष्मा स्वच्छ आहे," गुणवंत म्हणाला.

त्याला कोंडिरामचं वाईट करायचं नव्हतं. उलट, त्याची काळजी गुणवंतलाच सगळ्यांत नेमकी कळत होती. नियम असा होता, की लागोपाठ दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहिला तर कामगाराने नोकरी सोडली असं धरून नाव कमी करायचं. आणि कंपनी आज ना उद्या बंद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. बंद होताना ज्याचं नाव रजिस्टरात असेल त्यालाच बावीस वर्षांची भरपाई मिळणार होती. तेव्हा कोंडिरामच्या नावापुढे गैरहजेरीचा ए लागता कामा नये, हे नक्की होतं. प्रश्न एवढाच होता, की काय लावायचं.

तो पर्सोनेल ऑफिसर हरिश्चंद्रांकडे गेला. ते टेबल आवरत होते. गेले दोन महिने ते टेबलच आवरत होते.

"रजेचा अर्ज घेऊ का त्याचा?"

"रजा कशातून देणार? रजा ही कामातून घ्यायची असते. त्याला काम कुठाय?"

"मग तो गैरहजर?"

"आता कामच नसलेला माणूस कामावर आला नाही, हे लिहायला तुम्हाला मी कशाला पाहिजे?" हरिश्चंद्र हसले. "तुमचं इंग्रजी आहे ना चांगलं. लिहा काहीतरी."

हे वाक्य गुणवंतने फारच मनावर घेतलं.

त्या संध्याकाळी तो आधी गोडदेवला गेला. न बघता लिहायची सवय नव्हती. खोलीत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली कोंडिराम पडला होता, पिवळा, एका कुशीवर. दहावीतली मुलगी संघप्रिया उसाचा रस गाळत होती.

"सहीचं काय झालं, साहेब?"

"तू पडून राहा. मी व्यवस्थित लिहितो. ए लागणार नाही."

"मग झालं," कोंडिराम म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. बायकोलाही सांगितलं, की साहेब लिहितायत, आता सहीसाठी शिवाच्या मागं लागू नको.

पहिल्या दिवशी गुणवंतने शेऱ्यात लिहिलं, इनडिस्पोज्ड. लिहून झाल्यावर त्याने रजिस्टर थोडं लांब धरून बघितलं. बावीस वर्षांत या रकान्यात इतका सभ्य शब्द आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा लिहायला त्याचा हात चालेना. खाली दोन ठिपके देऊन भागवणं हे कारकुनाचं काम झालं. त्याने लिहिलं, कन्फाइन्ड टु बेड. तिसऱ्या दिवशी, अंडर कम्प्लीट रेस्ट. चौथ्या दिवशी घरातला जुना शब्दकोश काढला.

"कुणाला पत्र लिहिताय?" सुचेताने विचारलं.

"कोंडिरामचा शेरा आहे. इनॅक्टिव्ह कसं वाटतं?"

"ज्वालामुखी असल्यासारखं."

"डॉरमंट?"

"तो पण ज्वालामुखीच. सही करून टाकायची ना त्या बिचाऱ्याची."

"सही खोटी झाली असती. हे खरं आहे," गुणवंत म्हणाला, आणि इनकपॅसिटेटेडचं स्पेलिंग बघायला लागला.

असे अकरा दिवस गेले. अकरा शब्द झाले, एकही दोनदा आला नाही. शेवटच्या दिवसाचा होता कन्व्हॅलेसिंग, म्हणजे आजारातून उठू लागलेला. त्यात थोडी आशाही होती, कारण गुणवंत आदल्या दिवशी पुन्हा गोडदेवला जाऊन आला होता आणि कोंडिरामने अर्धी भाकरी खाल्ली होती.

बाराव्या दिवशी हरिश्चंद्रांनी बोलावलं. समोर रजिस्टराच्या पानाची झेरॉक्स होती.

"बसा. तुमचं कौतुक करायला बोलावलंय. वकील म्हणाले, असा रेकॉर्ड आम्ही बघितला नाही."

"कसला?"

"कोंडिरामचं नाव कमी करतोय. अकरा दिवस कामाला उपलब्ध नव्हता."

"पण ए एकदाही नाहीये."

"ए असता तर युनियन भांडली असती. म्हणाली असती कारकुनाची चूक आहे, गर्दीत राहिलं. खाली नुसते ठिपके असते तरी म्हणाली असती, न बघता ओढलेत." हरिश्चंद्रांनी पानावरून बोट खाली नेलं. "इथे रोज नवीन शब्द आहे. म्हणजे टाइमकीपरने रोज वेगळा विचार केलाय. वकिलांना तेच आवडलं."

"मी शेरा बदलून देतो."

"झेरॉक्स झालीय, गुणवंत."

"डॉक्टरचा कागद आणून देतो."

"रजाच नाही तर कागद कशाला जोडणार?" हरिश्चंद्र म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. नावाला जागायचं ठरवलं असतं तरी त्यांना याहून वेगळं बोलता आलं नसतं.

पत्र इंग्रजीत गेलं. गुणवंत गोडदेवला पोचला तोपर्यंत संघप्रियाने ते बापाला वाचून दाखवलं होतं. कोंडिराम भिंतीला टेकून बसला होता.

"काका, यात अकरा शब्द दिलेत," ती म्हणाली. "ते तुमचे आहेत?"

"हो."

तिने पत्राची घडी घातली. तुळसाबाईने चहा दिला. चहा दिला हे गुणवंतला जास्त जड गेलं. कोंडिराम म्हणाला, "बघू. शिवा म्हणतोय कोर्टात जाऊ. तुमी घ्या चहा."

पंच्याण्णवच्या मार्चमध्ये कंपनी बंद झाली. गुणवंतही घरी बसला. याला काय म्हणायचं हे सुचेताने त्याला विचारलं नाही. ठाण्याच्या लेबर कोर्टात दोन गोष्टी एकत्र चालल्या. एक कोंडिरामचा दावा. दुसरी बाकी एकशे एकोणचाळीस जणांची भरपाई. कंपनीचं म्हणणं, ले-ऑफच्या काळात ही माणसं रोज येत होती याला पुरावा काय? पुरावा एकच होता, गुणवंतचं रजिस्टर.

तारखा पडत गेल्या. शहाण्णवच्या फेब्रुवारीत शिवा एक कागद घेऊन घरी आला.

"गुणवंतराव, कोंडिरामचं वाचवायचं असेल तर एवढंच आहे. यावर तुमची सही पाहिजे."

प्रतिज्ञापत्र मराठीत होतं. कोंडिराम ते अकराही दिवस गेटवर हजर होता. गर्दीमुळे त्याची सही घ्यायची राहिली. शेरे आपण खात्री न करता, ऐकीव माहितीवर लिहिले.

"हे खोटं आहे," गुणवंत म्हणाला.

"हां, खोटं है. तुमचं खरं होतं ना? बघितलं काय झालं ते."

"मी रजिस्टर असं ठेवतो, असं लोकांना वाटेल."

"कोणते लोक? कंपनी बंद आहे, साहेब."

शिवा गेल्यावर कागद दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून राहिला. सुचेता त्याच्या बाजूला ताटं मांडायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ती मुलगी बारावीला आहे यंदा. तुळसाबाई दोन घरची भांडी घासतात, पुढच्या बिल्डिंगमध्ये. जिन्यात भेटल्या की हसतात माझ्याकडे बघून. मला आता त्या वेळेला जिन्यात जाववत नाही."

गुणवंतने सही केली. चेहऱ्याशिवाय पेन दिल्यासारखं त्याला वाटलं, पण चेहरा त्याचाच होता.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाकांवर वीस-पंचवीस कामगार होते. कोंडिराम मागे, दाराजवळ. कंपनीच्या वकीलबाई वयाने गुणवंतच्या मुलीसारख्या होत्या आणि फार नम्र होत्या. त्यांनी आधी प्रतिज्ञापत्र वाचलं, मग अकरा शेरे वाचले, भराभर, एका दमात.

"म्हणजे कोंडिराम तुमच्यासमोर उभे होते आणि तुम्ही लिहीत होतात की ते अंथरुणात आहेत."

"हो."

"अकरा दिवस."

"हो. गर्दी होती."

"बरोबर आहे, एकशे चाळीस माणसं. मला फक्त एवढंच समजून घ्यायचंय. समोर असलेला माणूस तुम्हाला अकरा दिवस दिसला नाही. मग रजिस्टरात जे दिसले असं आहे, ते तरी समोर होते कशावरून?"

गुणवंतने शिवाकडे बघितलं. शिवाने आपल्या वकिलाकडे. वकिलांनी फायलीत काहीतरी शोधायला सुरुवात केली, आणि त्यांना ते सापडणार नाही हे लांबूनही कळत होतं. प्रश्न साधा होता. माझं रजिस्टर पक्कं आहे म्हटलं तर कोंडिराम गेला. कच्चं आहे म्हटलं तर या बाकांवरचे सगळे गेले, आणि घरी बसलेलेही.

"सांगा ना," वकीलबाई म्हणाल्या. "चेहरा बघून सही घेत होतात, की नाही?"

तो तसाच उभा राहिला. पंखा फिरत होता, स्टेनोची बोटं यंत्रावर थांबली होती.

"लिहा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदार उत्तर देत नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मी बोलू का, साहेब?"

"तुमची साक्ष झालीय. बसा."

"बसतो," कोंडिराम म्हणाला, पण बसला नाही. "मी त्या दिवसांत आलो नव्हतो. कावीळ होती. हे घरी येऊन मला बघून गेले, मग लिहिलं. हे बघितल्याबिगर लिहीत न्हाईत. बाकीच्यांचंबी बघूनच लिहिलंय."

न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावून हेच पुन्हा शपथेवर सांगायला लावलं. त्याने तेच सांगितलं, शब्दही फारसे बदलले नाहीत. वकीलबाई खाली बसल्या. एक दावा त्या जिंकल्या होत्या आणि दुसरा बहुतेक हरल्या होत्या. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच वहीत टिपून घेतल्या. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल न्यायाधीशांनी गुणवंतला चार वाक्यं सुनावली. ती त्याने मान खाली घालून ऐकली. कोंडिरामचा दावा जेवणाच्या सुट्टीआधी निकालात निघाला. बाकीच्यांना पुढची तारीख मिळाली. शिवा सगळ्यांना घेऊन चहाला गेला. जाताना त्याने कोंडिरामच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्याला चहाला चल म्हणायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

भाईंदरच्या बसला दोघं शेजारी बसले. घोडबंदर रोडला डोंगर वाळून गेला होता. वरसाव्याच्या आसपास कोंडिराम म्हणाला, "वकीलबाईंनी लई भराभर वाचलं. मला काई कळलंच न्हाई. काय काय लिहिलं होतं तुमी माझ्याबद्दल?"

गुणवंतने आठवून सांगायला सुरुवात केली. "पहिल्या दिवशी, तब्येत बरी नाही म्हणून पडून आहे."

"बरं."

"दुसऱ्या दिवशी, अंथरुणात पडून आहे."

"तिसऱ्या?"

"पूर्ण विश्रांती. म्हणजे, पडून आहे."

"आन पुढं?"

"पुढे तेच. अकराही दिवस तेच."

कोंडिरामने मान वळवली. "सगळ्याचा मतलब एकच होता, तर रोज नवीन कशापायी लिहिलं?"

खोटं बोलायची सोय सकाळीच संपली होती. गुणवंत म्हणाला, "एकच शब्द अकरा वेळा बरा दिसला नसता."

कोंडिराम बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. रागाने बघितलं असतं तर गुणवंतला सोपं गेलं असतं. तो अंदाज घेतल्यासारखा बघत होता, मशीनमधून पहिल्यांदाच वेगळ्या मापाचा बोल्ट पडल्यावर बघावं तसा. मग तो उठला, समोरच्या बाकावर एक जागा रिकामी झाली होती तिथे जाऊन बसला, आणि काशीमिरा नाका येईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.